शितावरून भाताची परीक्षा : ३९ पासांवरून क्वार्टरबॅक ओळखता येतो का?

ओलेंटँजीकाठचा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते, पण ते बहुधा निकालांपुरते असते. मला आज एका आकड्याबद्दल लिहायचे आहे आणि तो आकडा ३९ हा आहे.

जो बरो हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, २०१५ साली ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला, पहिले वर्ष रेडशर्ट म्हणून (खेळण्याच्या ठरावीक वर्षांत न धरता) बाकावर बसला आणि पुढच्या दोन हंगामांत मिळून त्याने जेमतेम ३९ पास फेकले. त्यातले २९ पूर्ण झाले, म्हणजे साथीदारांनी झेलले, २८७ यार्ड मिळाले आणि दोन टचडाउन झाले, म्हणजे चेंडू समोरच्या शेवटच्या पट्टीत पोहोचला. जस्टिन फील्ड्सने २०१८ साली जॉर्जियात जेक फ्रॉमचा राखीव म्हणून नेमके तेवढेच, म्हणजे ३९ पास फेकले. २७ पूर्ण, ३२८ यार्ड, चार टचडाउन. एक जण ओहायो स्टेट सोडून लुइझियाना स्टेटला गेला आणि दुसरा जॉर्जिया सोडून ओहायो स्टेटला आला. २०१९ च्या हंगामात पहिल्याने ६० टचडाउन पास फेकून हाइजमन करंडक (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा) मिळवला, तर दुसऱ्याने ४१ टचडाउन पासांमागे फक्त तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) दिले. त्या वर्षीच्या प्लेऑफमधल्या चार संघांपैकी तीन संघांचे क्वार्टरबॅक दुसऱ्या विद्यापीठातून आलेले होते. तिसरा ओक्लाहोमाचा जेलन हर्ट्स.

बरो ओहायो स्टेटमध्ये असताना मी त्या विद्यापीठाच्या कोलंबस शहरातच होतो आणि त्याला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेही होते. तरीही २०१८ च्या वसंतात तो निघाला तेव्हा ड्वेन हॅस्किन्सला संघात ठेवण्याचा निर्णय मला सर्वथा योग्य वाटला, आणि हॅस्किन्सने त्याच वर्षी ५० टचडाउन पास फेकल्यामुळे आजही तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणू शकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या ३९ पासांत असे काही होते का, जे आम्हाला दिसायला हवे होते आणि दिसले नाही?

आकडेमोडे

धाग्याचे शीर्षक चांगले आहे, पण ही म्हण जिथे चालते ती जागा आधी पाहावी. शितावरून भात कळतो, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. राखीव क्वार्टरबॅकचे पास तसे नसतात.

प्रथम निव्वळ गणित घेऊ. एखाद्या खेळाडूची खरी क्षमता दर शंभरातले ६२ पास पूर्ण करण्याची आहे असे धरले, तर ३९ पासांत त्याचे सरासरी २४ पूर्ण व्हावेत. परंतु निव्वळ योगायोगाने तोच खेळाडू पाच वेळांतून साधारण एकदा २७ किंवा त्याहून अधिक पास पूर्ण करील, आणि तेरा वेळांतून एकदा २९ किंवा अधिक. वरच्या विभागात सुमारे १३० संघ आहेत. प्रत्येकाचा एक मध्यम कुवतीचा राखीव खेळाडू धरला, तर त्यांतले दहा जण कोणतेही विशेष गुण नसताना बरोइतके अचूक दिसतील. मग त्या दहांत बरो कोण, हे टक्केवारीने कसे सांगावे?

आता दुसरी बाजू, जी मला अधिक अवघड वाटते. नमुना मोठा झाला की प्रश्न सुटतो असेही नाही. बरोने २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटसाठी संपूर्ण हंगाम खेळून ३७९ पास फेकले, त्यातले ५७.८ टक्के पूर्ण झाले, १६ टचडाउन आणि पाच इंटरसेप्शन. हा नमुना लहान म्हणता येत नाही, आणि त्यावरून कोणीही त्याला पुढच्या वर्षी ७६.३ टक्के अचूकता आणि ५,६७१ यार्ड देऊ केले नसते. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हे प्रशिक्षक आले, आक्रमणाची रचना बदलली, झेल घेणारे खेळाडू एका वर्षाने मोठे झाले आणि बरो स्वतःही बदलला. म्हणजे भात अजून चुलीवरच होता. आपण शीत दाबून पाहतो आणि निर्णय पातेले उतरवल्यासारखा देतो.

जुना शनिवारकर

आकडेमोडे यांच्या मुद्द्याला माझ्याकडून कार्डेल जोन्स. कोलंबसचे धागाकर्ते हे सगळे जाणतातच, पण नव्या वाचकांसाठी लिहितो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटच्या ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटने हंगाम गाजवला आणि मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. तिसऱ्या क्रमांकावरचा जोन्स आयुष्यातला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला तो थेट बिग टेन परिषदेच्या (ओहायो स्टेट ज्या विद्यापीठ-गटात खेळते त्याच्या) अंतिम फेरीत. विस्कॉन्सिनविरुद्ध १७ पैकी १२ पास, २५७ यार्ड, तीन टचडाउन, आणि निकाल ५९-०. त्यानंतर शुगर बोलमध्ये अलाबामावर ४२-३५ आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओरेगॉनवर ४२-२०. तीन सामने, तिन्ही कमालीचे मोठे, तिन्ही जिंकलेले. दुबळ्या संघांविरुद्ध मिळवलेले यश असा आक्षेप येथे घेताच येत नाही.

पुढच्या वर्षी तोच जोन्स सात सामन्यांनंतर बाकावर गेला आणि बॅरेट परत आला. विशेष म्हणजे सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत जोन्स कॉलेजात एकदाही हरला नाही. नंतर मिळालेल्या एका सामन्यासह ११ पैकी ११ विजय. व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याला चौथ्या फेरीत घेतले गेले. विजय-पराजयाच्या रकान्याला क्वार्टरबॅकच्या बाबतीत किती किंमत द्यावी, हे या एका ओळीवरून ज्याने त्याने ठरवावे.

माझ्या मते कारणे दोन. पहिले म्हणजे त्या तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांकडे त्याच्या खेळाचे पुरेसे चित्रीकरणच नव्हते. तो काय टाळतो, दबाव कोणत्या बाजूने आला की घाईत फेकतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरे म्हणजे त्याच्या बाहूत ताकद प्रचंड असल्यामुळे आक्रमणाचे सूत्रधार टॉम हर्मन यांनी त्याला लांब पल्ल्याचे, तुलनेने सोपे निर्णय दिले. हंगाम संपताच हर्मन ह्यूस्टनचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेले.

नवी प्रेक्षक

मी अवघे दोन हंगाम हा खेळ पाहते आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा करावी. टक्केवारी खोटी, विजय खोटे, मोठे सामनेही खोटे, तर मग पाहायचे तरी काय? आणि पुढच्या वर्षी ज्याच्यावर संघ सोपवायचा आहे त्या मुलाला प्रशिक्षक अधिक का खेळवत नाहीत? चाळीस गुणांची आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत पाठवतात आणि तिथेही त्याला चेंडू फेकू देत नाहीत.

अथेन्सचा शेजारी

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. मी जॉर्जियात राहतो आणि शुक्रवारी रात्री एका हायस्कूल संघासाठी सामन्यांचे चित्रीकरण करतो, त्यामुळे एकच खेळी दहादा पाहायची सवय लागली आहे. तेवढ्या अनुभवावर लिहितो. मी प्रशिक्षक नाही.

सामना हातात आल्यानंतरच्या वेळेत प्रशिक्षकाला घड्याळ पळवायचे असते आणि समोरच्याचा अपमानही करायचा नसतो, म्हणून चेंडू धावणाऱ्याकडे दिला जातो. जे चार-सहा पास होतात ते स्क्रीन (अगदी जवळच्या साथीदाराला दिलेले) किंवा बगलेला पळत जाऊन फेकायचे आखूड पास असतात. समोर बचावफळीचे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे खेळाडू असतात हे सर्वजण सांगतात. मात्र त्या मुलाच्या पुढे उभी असलेली त्याची स्वतःची ऑफेन्सिव्ह लाइनही, म्हणजे त्याला वाचवणारी फळीही, तितकीच कच्ची असते आणि झेल घेणारा मुलगा बहुधा चुकीच्या वाटेने पळतो, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. तिथले ७० टक्के फुगवलेले असू शकतात, तसेच तिथले ४० टक्केही त्या मुलाचे नसतात.

मग मी काय पाहतो? चेंडू पाहत नाही, पाय आणि डोळे पाहतो. समोरून दोन दांडगे अंगावर येत असताना त्याची नजर मैदानाच्या पुढच्या भागात राहते की अंगावर येणाऱ्यांकडे उतरते? नजर एकदा खाली उतरू लागली की ती सवय मोडायला फार काळ लागतो. पहिला झेल घेणारा झाकलेला दिसल्यावर पाय दुसऱ्याच्या दिशेने वळतात, की तो तिथेच नाचत राहतो? थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात, सात यार्ड हवे असताना तो तीन यार्डांचा सुरक्षित पास देऊन टक्केवारी सांभाळतो का? आणि सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे. सॅक झाला की आपण लाइनला दोष देतो, पण आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे आहे की दबावाचे सॅकमध्ये रूपांतर होऊ देणे ही पुष्कळ अंशी क्वार्टरबॅकची स्वतःची सवय असते आणि ती संघ बदलला तरी त्याच्यासोबत जाते. मला प्रत्यक्ष पाहून हे पटते.

यात एक अडचण मात्र आहे. लाइनवर उभे राहून खेळी बदलताना दिसणारा मुलगा हुशार वाटतो. पण कॉलेजात पुष्कळदा सगळा संघच बाजूच्या रेषेकडे पाहून प्रशिक्षकाची खूण घेतो. २०२४ पासून तर एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची परवानगी मिळाली आहे, आणि तो आवाज खेळीच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यामुळे त्या १५ सेकंदांच्या आत मुलाने काय केले, तेवढेच त्याचे.

प्रशिक्षक अधिक का खेळवत नाहीत, त्याचे एक उत्तर नियमांत आहे. २०१८ साली आलेल्या नियमानुसार कोणताही खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचे रेडशर्टचे वर्ष वाया जात नाही. हा नियम आला नवोदितांना चव मिळावी म्हणून, आणि पहिल्याच हंगामात त्याचा उपयोग क्लेमसनच्या केली ब्रायंटने उलट कामासाठी केला. ब्रायंट चार सामने सुरुवातीपासून खेळला, त्यानंतर ट्रेव्हर लॉरेन्सला जागा दिली गेली, आणि आपले वर्ष राखून तो संघ सोडून मिझुरीला गेला.

जुना शनिवारकर

त्याच क्लेमसनचा चेस ब्राइस विसरलात. ब्रायंट गेल्यावर लगेचच्या सिराक्यूसच्या सामन्यात लॉरेन्स जखमी झाला, राखीव ब्राइस आला आणि त्याने शेवटी ९४ यार्डांची चाल रचून सामना २७-२३ असा जिंकून दिला. त्यात चौथ्या डाउनला सहा यार्ड हवे असतानाचा टी हिगिन्सला दिलेला पास आजही डोळ्यांसमोर आहे. क्लेमसनचा तो १५-० चा हंगाम त्या एका पासावर उभा आहे. शेजारीबुवा, तुमचे पाय, डोळे आणि थर्ड डाउनचे सगळे निकष त्या चालीला लावा. मुलगा उत्तीर्णच होईल. २०२० साली ड्यूकचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाल्यावर त्याने १० टचडाउन पासांमागे १५ इंटरसेप्शन दिले.

अथेन्सचा शेजारी

मान्य. एका चालीवर मी बोललोच नसतो, पण त्या दिवशी कदाचित बोललोही असतो.

तरीही ब्राइसच्या उलट उदाहरण माझ्याच अंगणातले आहे. ८ जानेवारी २०१८, अटलांटा. मध्यंतरापर्यंत जॉर्जिया १३-० ने पुढे. अलाबामाच्या हर्ट्सने आठपैकी तीन पास पूर्ण करून २१ यार्ड मिळवले होते. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन वर्षांत अवघे दोन सामने हरलेल्या त्या मुलाला बसवून तुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला पाठवले. आम्ही सगळ्यांनी त्याला तोवर एकतर्फी सामन्यांच्या शेवटीच पाहिले होते, म्हणजे आमच्याजवळचा पुरावा कुचकामी होता. सेबन यांच्याजवळचा पुरावा वेगळा होता. तो सरावाचा होता, रोज जवळजवळ तितक्याच चांगल्या बचावफळीसमोरचा. तुआने तीन टचडाउन पास फेकले आणि एक इंटरसेप्शनही दिला. ओव्हरटाइममध्ये पहिल्याच खेळीत त्याने १६ यार्ड मागे जाऊन सॅक करवून घेतला, म्हणजे अक्षरशः नवशिक्याची चूक, आणि त्याच्या पुढच्याच खेळीत डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा पास देऊन सामना २६-२३ असा संपवला. त्या दोन खेळ्यांपैकी कोणती खरी, असे मला त्या रात्री कोणी विचारले असते तर मी उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

राहिला हर्ट्स. एका अर्ध्या सामन्यावरून त्याच्याबद्दल देशभर मत बनले की हा पास फेकू शकत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच स्टेडियममध्ये, पुन्हा आमच्याविरुद्धच, तुआ जखमी झाल्यावर तो आला. नऊपैकी सात पास, एक टचडाउन फेकला, एक स्वतः पळून केला आणि अलाबामा ३५-२८ ने जिंकला. त्याआधी २८-२८ अशी बरोबरी असताना आमच्या प्रशिक्षकांनी पंटचा (चेंडू लाथेने दूर पाठवण्याचा) बहाणा करून चौथ्या डाउनला ११ यार्डांसाठी चेंडू कोणाकडे दिला होता? या धाग्याच्या नायकाकडे, फील्ड्सकडे. दोन यार्ड मिळाले. ज्या मुलाने पुढच्याच वर्षी ४१ टचडाउन पास फेकले, त्याच्याकडे आम्ही पंटच्या बहाण्यासाठी उपयोगी पडेल असा धावपटू म्हणून पाहत होतो. हर्ट्स पुढे ड्राफ्टमध्ये ५३ वा निवडला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आकडेमोडे

सरावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यामुळे प्रशिक्षक अचूक ठरतात असे नाही. व्यावसायिक संघांकडे चित्रीकरण, मुलाखती, चाचण्या सगळे असते. तरी मिच ट्रबिस्की नॉर्थ कॅरोलायनात १३ सामने सुरुवातीपासून खेळून २०१७ मध्ये दुसरा निवडला गेला आणि पॅट्रिक महोम्स दहावा. अँथनी रिचर्डसन २०२३ मध्ये चौथा; त्याचेही फ्लोरिडात १३ च सामने आणि शेवटच्या हंगामात ५३.८ टक्के. ट्रे लान्सने नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये २०१९ साली २८ टचडाउन पास आणि शून्य इंटरसेप्शन अशी निष्कलंक पाटी दाखवली, नंतरच्या वर्षी एकच सामना झाला, आणि २०२१ मध्ये तो तिसरा निवडला गेला. दोन वर्षांनी तो चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या मोबदल्यात डॅलसला देण्यात आला.

डेव्हिड लेविन यांनी २००६ च्या सुमारास असे मांडले होते की वरच्या फेऱ्यांत निवडल्या गेलेल्या क्वार्टरबॅकांच्या यशाशी सर्वाधिक संबंध दोन गोष्टींचा आहे : कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्या आणि पास पूर्ण होण्याचे प्रमाण. अधिक सामने म्हणजे अधिक अनुभव असा याचा सोपा अर्थ लावला जातो. मला वाटते, मुख्य अर्थ असा आहे की अधिक सामने पाहिले की निवडणाऱ्याची चूक कमी होते. मात्र कॅम न्यूटन आणि कायलर मरे हे दोघेही वरच्या विभागात मुख्यतः एकाच हंगामावर पहिले निवडले गेले, म्हणून हा नियम मी गळ्यात बांधून फिरत नाही.

सह्याद्रीचा वाऱ्यावरचा

क्षणभर विषयांतर, पण फार दूरचे नाही. अमोल मुझुमदार यांनी रणजीच्या पदार्पणात मुंबईकडून हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या आणि त्यांना भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. ती खेळी फसवी नव्हती, पुढचा सारा प्रथम श्रेणीचा काळ त्याला साक्षी आहे. त्यांच्या पुढे रांगेत तेंडुलकर, द्रविड, गांगुली होते. क्वार्टरबॅकची जागा तर अकरांत एकच. बाकावर बसलेला मुलगा कमी प्रतीचा असतो, हे गृहीतक या धाग्यात कोणी अजून तपासलेले नाही. मॅट कॅसल साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठात कार्सन पामर आणि मॅट लाइनार्ट या दोन हाइजमन विजेत्यांच्या मागे बसला, क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही, सातव्या फेरीत निवडला गेला आणि २००८ मध्ये टॉम ब्रेडी जखमी झाल्यावर त्याने न्यू इंग्लंडला ११ विजय मिळवून दिले.

ऑस्टिनकर

आतापर्यंत गप्प बसलो होतो, कारण आमच्या जखमेवर सगळे मीठ घेऊन बसलेले आहेत. आमच्या टेक्सासच्या आर्च मॅनिंगने २०२४ मध्ये क्विन युअर्स जखमी असताना दोन सामने सुरुवातीपासून खेळून, एकूण ९० पासांत ९३९ यार्ड आणि नऊ टचडाउन मिळवले. टेक्सास-सॅन अँटोनिओविरुद्ध चार टचडाउन पास आणि ६७ यार्डांची ती धाव पाहून मी स्वतः घरी काय काय बोललो, ते येथे लिहीत नाही. समोर लुइझियाना-मनरो होते आणि परिषदेतले सगळे सामने हरलेले मिसिसिपी स्टेट होते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. आडनाव क्वार्टरबॅकांच्या नामांकित घराण्यातले, मॅनिंग, होते आणि तेवढ्यावर आम्ही उरलेले ५०० पास मनातल्या मनात फेकून टाकले. संघ देशात पहिल्या क्रमांकावर ठेवला गेला. ३० ऑगस्ट २०२५ रोजी कोलंबसमध्ये ३० पैकी १७ पास, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन, आणि १४-७ असा पराभव. दुसऱ्या दिवशी जे लोक त्याला हाइजमन देऊन बसले होते त्यांनीच त्याला फसवणूक ठरवले. पुढे हंगामात त्याचा खेळ सुधारत गेला, पण तोवर बहुतेकांचे पाहून झाले होते.

आणि हा उतावळेपणा आता फक्त प्रेक्षकांचा राहिलेला नाही. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) २०१८ पासून आहे, नाव आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा जुलै २०२१ पासून आहे. या दोन्हींमुळे राखीव मुलाच्या त्या तीस-चाळीस पासांना बाजारभाव आला आहे. पूर्वी प्रशिक्षक चुकला तर मुलगा दोन वर्षे थांबे आणि प्रशिक्षकाला मत बदलायला अवकाश मिळे. आता हंगाम संपताच त्याला कोणीतरी उचलून नेतो.

नवी प्रेक्षक

त्या सामन्यात ओहायो स्टेटकडून जो मुलगा खेळला, ज्युलियन सेयिन, त्याच्याबद्दल कोणीच लिहिले नाही. मी आत्ता शोधून पाहिले. तो अलाबामातून सेबन निवृत्त झाल्यावर आला, २०२४ मध्ये चार सामन्यांत १२ पास फेकले आणि पाच पूर्ण केले. म्हणजे एका बाजूला ९० पासांचा गाजलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला १२ पासांचा, तेही बहुतेक चुकलेले. आणि त्या वर्षाअखेर हाइजमनच्या अंतिम चौघांत सेयिन होता, दर चार पासांतले तीनहून अधिक पूर्ण करून. धागाकर्ते कोलंबसमध्येच असतात. २०२४ चे ते १२ पास तुम्ही पाहिले असतील. शेजारी म्हणतात तसे पाय आणि डोळे दिसले होते का?

ओलेंटँजीकाठचा (धागाकर्ता)

टेक्सासविरुद्ध त्याने २० पैकी १३ पास आणि अवघे १२६ यार्ड केले. प्रशिक्षकांनी त्याच्याकडून फार काही मागितले नाही आणि त्यानेही जवळचे सोडून लांबचे देण्याचा मोह केला नाही. कार्नेल टेटला दिलेला टचडाउनचा पास तेवढा मोठा. त्या दिवशी मी बाजूला बसलेल्याला म्हणालो की हा मुलगा सांभाळून नेण्यापुरता आहे. म्हणजे बरोच्या वेळी चुकलो होतो तसाच पुन्हा चुकलो.

२०२४ च्या त्या १२ पासांबद्दल विचारलेत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. घरच्या मैदानावर आघाडी तीस-चाळीस गुणांवर गेली की लेन ॲव्हेन्यूवरची गर्दी टाळण्यासाठी मी तिसऱ्या सत्राअखेर उठून गाडीकडे चालू लागतो. गेली बारा वर्षे हेच करत आलो आहे. त्यामुळे त्यातला एकही पास मी पाहिलेला नाही. आणि आता आठवून पाहता बरोच्या त्या ३९ पैकीही किती पाहिले होते, याची मला खात्री वाटेनाशी झाली आहे.